शितावरून भाताची परीक्षा

उत्साही : पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही खानावळीत विचारून बघा, "भाजीत दाण्याचं कूट आहे का?" बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं : "अगदी थोडं आहे हो, लागायचं नाही." विचारणाऱ्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर ते 'अगदी थोडं' त्याचा घसा बंद करू शकतं, हे सांगणाऱ्याच्या गावीही नसतं. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणूनच मला माणसाच्या शब्दाऐवजी यंत्र हवं आहे, आणि असं यंत्र आता नुसतं कल्पनेत राहिलेलं नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये राल्फ वाइसलेडर आणि हाको ली यांच्या गटानं २०१७ मध्ये 'आयईट' नावाचं उपकरण दाखवलं. त्याचा मोजणी करणारा भाग किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येईल एवढा. घासभर अन्न द्रावात ढवळायचं. द्रावातल्या चुंबकीय कणांना अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात, त्या नेमकं आपलं प्रथिन पकडतात. मग ते कण इलेक्ट्रोडवर ओढून घ्यायचे आणि जो वीजप्रवाह निर्माण होतो तो मोजायचा. शेंगदाणा, हेझलनट, गहू, दूध आणि अंड्याचा पांढरा भाग, अशा पाचांचा पत्ता दहा मिनिटांच्या आत लागतो. किंमत ४० डॉलरच्या घरात. त्यांनी हॉटेलातले पदार्थ तपासले, तर ग्लूटेनमुक्त म्हणून दिलेल्या सॅलडमध्ये ग्लूटेन निघालं आणि बिअरमध्ये अंड्याचं प्रथिन! बिअरमध्ये अंडं असेल, असं विचारायचं तरी कुणाला सुचलं असतं?

साशंक : त्या यंत्रामागचं रसायन मला परकं नाही. माझी सगळी नोकरी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत, एलायझाच्या शहाण्णव खळग्यांच्या प्लेटा बघण्यात गेली. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी ती चाचणी मांडली. अँटिबॉडीनं प्रथिन धरायचं आणि रंगानं ते कळवायचं, हे तत्त्व तेव्हापासून चालत आलं आहे. तुमच्या यंत्रात रंगाच्या जागी वीज आली आणि टेबलाच्या जागी खिसा आला, एवढंच. माझी हरकत रसायनाला नाहीच, ती तुमच्या त्या 'घासभर' शब्दाला आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातल्या प्रत्येक शिताला सारखंच पाणी आणि सारखीच आच मिळालेली असते. अ‍ॅलर्जन असं वागत नाही. कुटाच्या भाजीतला डाव आचाऱ्यानं तसाच वरणात बुडवला, तर कूट वरणभर पसरेल की एका वाटीत जाऊन बसेल? दाण्याची चटणी लावलेला डोसा जिथून उचलला तिथेच पुढचा साधा डोसा पडला, तर त्या डोशाचा नेमका कोणता तुकडा तुम्ही तपासणार? प्रयोगशाळेत आम्ही अख्खा नमुना दळून एकजीव करतो, त्यातून तीन-चार वेगवेगळे भाग घेतो, आणि तरीही आकड्यांमध्ये फरक पडतो. टेबलावर तुम्ही वाटाण्याएवढा तुकडा घेणार आणि बाकीचं ताट खाणार. म्हणजे जो तुकडा तपासला तो पोटात जात नाही, आणि जे पोटात जातं ते तपासलेलं नसतं.

उत्साही : मान्य. पण तुलना कशाशी करायची? तुमच्या प्रयोगशाळेशी केली, तर माझं यंत्र हरणारच. पण जेवणाऱ्याच्या शेजारी प्रयोगशाळा कधीच बसलेली नसते, तिथे वेटर उभा असतो. त्याच्या "लागायचं नाही"शी तुलना करा. तीन तुकडे तपासले आणि एकात सापडलं, तरी त्या माणसाचा जीव वाचला ना?

साशंक : सापडलं तर वाचलाच, तिथे आपला वाद नाही. वाद न सापडण्याबद्दल आहे. आज ज्याला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, तो काय करतो? बाहेर खात नाही, किंवा खिशात अ‍ॅड्रिनॅलिन ठेवून मोजकंच खातो. त्याची भीती हीच त्याची सगळ्यात जुनी संरक्षक व्यवस्था आहे. तुमचं यंत्र 'नाही' म्हणालं, की तो आयुष्यात कधी खाल्ली नसती ती मिसळ समोर ओढेल. आणि अँटिबॉडीच्या काही चाचण्यांची एक गंमत तुम्हाला ठाऊक असेलच. दोन अँटिबॉडींनी प्रथिनाचा एकच रेणू दोन बाजूंनी धरला की खूण उमटते. प्रथिन प्रमाणाबाहेर झालं, तर पहिलीच्या हाती एक रेणू लागतो, दुसरीच्या हाती दुसराच, आणि दोघींना जोडणारा कुणी उरत नाही. म्हणजे शुद्ध दाण्याच्या चटणीत चाचणीची पट्टी बुडवा, रेघ फिकी येईल किंवा येणारच नाही. जिथे धोका सगळ्यात मोठा, तिथेच यंत्र मुकं! त्यात भाजणं, तळणं, उकडणं आलं. केकमध्ये भाजलेल्या अंड्याचं प्रथिन आकार बदलतं आणि द्रावात नीट उतरत नाही. चॉकलेटमधली पॉलिफेनॉलं प्रथिनाला घट्ट धरून ठेवतात. अन्नात ते असतं, बाटलीत येत नाही.

उत्साही : ही सगळी दुखणी माहीत आहेत, आणि त्यांवर औषधंही निघाली आहेत. नमुना वेगवेगळ्या पातळ्यांना विरळ करून तपासला, तर जास्त प्रथिनाची अडचण सुटते. चॉकलेटच्या द्रावात दूधभुकटी किंवा माशांचं जिलेटिन घालतात. पॉलिफेनॉलं त्याला चिकटतात आणि आपलं प्रथिन मोकळं होतं. हे तर तुमच्याच लोकांनी शोधलं. अँटिबॉडीऐवजी डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे अ‍ॅप्टामर, वापरले तर प्राणी न वापरता प्रयोगशाळेतच हवा तो शोधक निवडून घेता येतो, आणि तो उष्णतेत टिकतो. प्रत्येक हरकतीला उत्तर आहे, फक्त वेळ द्यायला हवा.

साशंक : हरकतीला उत्तर मिळेल, पण यंत्राला प्रश्न कोण देणार? शोधक तेवढंच शोधतो जेवढं त्याला शोधायला सांगितलं आहे. कधीकधी तर तेही धड नाही. २०१५ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जिरेपुडीत बदाम सापडला. एलायझानं स्पष्ट 'आहे' सांगितलं, माल बाजारातून परत बोलावला गेला. जिरेपुडीत बदाम! स्वयंपाक करणारी कोणतीही बाई हसेल. जिऱ्यात भेसळ करायला कुणी बदाम घालील का? प्रकरण टेडिंग्टनच्या सरकारी रसायनतज्ज्ञाकडे, म्हणजे वादग्रस्त नमुन्यांच्या बाबतीत ज्याचा शब्द शेवटचा मानतात त्या कार्यालयाकडे गेलं. त्यांनी एलायझावर न थांबता डीएनए तपासला, मास स्पेक्ट्रोमेट्रीनं प्रथिनांचे तुकडे पाहिले. निघालं काय, तर महलब. चेरीच्या जातीतल्या एका झाडाच्या बियांचा गर. पश्चिम आशियात पाव-बिस्किटांत मसाला म्हणून घालतात. बदाम आणि महलब एकाच कुळातले, आणि बदामासाठी बनवलेल्या अँटिबॉडीला दोघांतला फरक कळला नव्हता. जिरेपुडी परत बोलावण्याची ती सूचना मागे घेण्यात आली. त्याच काळातल्या पॅप्रिकाच्या नमुन्यात मात्र बदाम खरोखरच होता. एकच चाचणी, एकाच प्रकारचं 'आहे'. एका ठिकाणी खरं, दुसऱ्या ठिकाणी खोटं. आता हेच उत्तर हॉटेलात बसलेल्या आईच्या फोनवर आलं असतं, तर तिनं कुणाकडे अपील केलं असतं?

उत्साही : ही गोष्ट तुम्ही माझ्या विरोधात सांगताय, पण ती माझ्या बाजूची आहे! महलब आहे हे कुणी ओळखलं? अनुभवी नाकानं नाही, विश्वासू व्यापाऱ्यानं नाही. आणखी चांगल्या यंत्रानं ओळखलं. त्याच सुमारास अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाणा सापडून शेकडो पदार्थ परत मागवावे लागले, आणि तिथे तो खरंच होता. तुम्ही ज्या शंकेचा आधार घेता, ती शंका घेण्याची ऐपतही तंत्रज्ञानानंच तुम्हाला दिली. तंत्रज्ञान नसतं, तर जिरेपुडीत काही आहे हेच कळलं नसतं. कुणाचा तरी श्वास कोंडला असता आणि डॉक्टरांनी कारण शोधून शोधून सोडून दिलं असतं.

साशंक : हे मी मान्य करतो. मग माझं म्हणणं जरा नेमकं करतो : चांगलं यंत्र आणि तुमच्या खिशातलं यंत्र ही एकच गोष्ट नव्हे. महलब शोधायला तीन वेगळ्या पद्धती आणि त्यांच्या निकालांवर भांडणारी माणसं लागली. आणि बोस्टनमध्ये बनलेलं यंत्र बोस्टनचेच प्रश्न विचारणार. हेझलनट आमच्याकडे किती घरांत येतो? उलट हरभऱ्याच्या अ‍ॅलर्जीवर मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये शोधनिबंध लिहिला आणि भारतीय उपखंडातलं ते एक प्रमुख अ‍ॅलर्जन असल्याचं मांडलं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत वांग्याच्या अ‍ॅलर्जीवर काम झालं. बेसन आणि वांगं! पिठलं-भाकरी आणि भरीत यांवर जगणाऱ्या मुलखात ही दोन्ही नावं कोणत्या यंत्राच्या यादीत आहेत? यंत्र सोडा, लेबलाच्या तरी यादीत आहेत का? आपल्या अन्ननियामक संस्थेच्या, एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबल-नियमांत ग्लूटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि झाडावरचे कठीण कवचाचे दाणे, सोयाबीन आणि सल्फाइट एवढी नावं आहेत. हरभरा नाही. मोहरी आणि तीळ युरोपच्या चौदा जणांच्या यादीत आहेत, आपल्या यादीत नाहीत.

उत्साही : म्हणजे काम यादी वाढवण्याचं आहे, यंत्र टाकून देण्याचं नाही. हरभऱ्याच्या प्रथिनासाठी अ‍ॅप्टामर निवडायला बोस्टनची परवानगी लागत नाही. म्हैसूर किंवा पुण्यातली प्रयोगशाळा ते करू शकते. आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या लपलेल्या जागा आपल्यालाच माहीत असणार. सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या मुलाची आई पोळी बंद करते, भाकरी देते, आणि फोडणीत चिमूटभर हिंग घालते. डबीतल्या बांधणी हिंगात बहुतेकदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. तो हिंग तपासायला खिशातलं यंत्रही पुरे आहे. तिथे तुमची शिताची हरकतही लागू नाही. डबीत सगळीकडे सारखंच मिसळलेलं असतं.

साशंक : हिंगासाठी डबीवरचं लेबल वाचलं तरी पुरे, चष्मा मात्र लागेल. असो. पण सापडणं आणि बाधणं यांतलं अंतर तुम्ही मोजता का? कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका अभ्यासात, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तपासलेल्यांपैकी २६.५ टक्क्यांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता निघाली १.२ टक्क्यांत. रक्तातली चाचणी संवेदनशील होती, म्हणून तिनं पाचपट-दहापट नव्हे, वीसपट माणसं 'पकडली'. त्या सगळ्यांनी वांगी, डाळी सोडल्या असत्या तर? ताटातल्या चाचणीचंही तसंच होईल. यंत्र जितकं तीक्ष्ण, तितकं ते सगळ्यातच काहीतरी शोधील, आणि प्रत्येक ताट धोक्याचं ठरेल.

उत्साही : म्हणूनच तर मर्यादा ठरवायच्या असतात. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सनं 'ग्लूटेनमुक्त' म्हणवण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची रेषा ओढली, आपल्याकडेही तीच आहे. शेंगदाण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या 'व्हायटल' कार्यक्रमानं ०.२ मिलिग्रॅम प्रथिनाचा आकडा धरला होता. एवढ्यानं अ‍ॅलर्जी असलेल्या शंभरांतल्या एखाद्यालाच त्रास होईल, या हिशेबानं. अर्ध्या ग्रॅमचा दाणा धरला, तर त्यात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. म्हणजे दाण्याचा सहाशेवा भाग. रेषा आखली की यंत्राला 'सगळं शोध' म्हणायचं नसतं, 'एवढ्याच्या वर असेल तर ओरड' म्हणायचं असतं.

साशंक : आणि २०२१ मध्ये एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी शेंगदाण्यासाठी २ मिलिग्रॅम सुचवले, शंभरांतल्या पाचांचा हिशेब धरून. दहापट फरक! दोन्हीकडची माणसं हुशार, दोन्हीकडे विदा भक्कम. फरक विज्ञानातला नाही, शंभरांतली किती माणसं आपण अलिखितपणे सोडून द्यायची यातला आहे. आता तुमचं यंत्र घ्या. समजा, ते १० पीपीएमला, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅमला, ओरडतं. अडीचशे ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत त्याचे अडीच मिलिग्रॅम होतात. म्हणजे यंत्र गप्प बसलं, तरी ताटात दोन्ही रेषा ओलांडलेल्या असू शकतात. (खिचडीत कूट नसतंच असं समजून बोलतोय. ते न घालणाऱ्या घरी मी तरी जेवलेलो नाही.) पीपीएम यंत्राचं माप आहे. शरीर पीपीएम मोजत नाही, एकूण किती पोटात गेलं ते मोजतं. भुकेलेल्या माणसाला धोका जास्त!

उत्साही : मग तुमचा उपाय काय? कायदा? लेबल? २०१६ मध्ये ब्रिटनमधली पंधरा वर्षांची मुलगी दुकानात बनवून बांधलेल्या पावातल्या तिळामुळे गेली. तीळ पिठातच मळलेले होते, लेबलवर नव्हते. नियमच तसा होता. मग तिच्या नावाचा 'नताशाज लॉ' आला, ऑक्टोबर २०२१ पासून लागू. पाच वर्षं! यंत्राला पाच वर्षं लागत नाहीत.

साशंक : पण त्या कायद्यानंतर अशा प्रत्येक पावावर घटक लिहिले जातात, यंत्र असो-नसो, माणूस सावध असो-नसो. यंत्र फक्त ज्याच्या खिशात आहे त्यालाच वाचवतं.

उत्साही : कायद्याची दुसरी बाजूही सांगा ना. अमेरिकेनं १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववं अ‍ॅलर्जन म्हणून लेबलवर लिहिणं बंधनकारक केलं. त्यावर काही बेकऱ्यांनी काय केलं? यंत्रसामग्रीतून तीळ पूर्ण साफ करणं अवघड आणि महाग, म्हणून ज्या पावांत तीळ नव्हते त्यांत मुद्दाम थोडे घातले आणि लेबलवर 'तीळ' छापलं. कायदा पाळला गेला, आणि तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना खाता येणारे पाव कमी झाले.

(इथे लिहिणाऱ्यानं मध्ये तोंड घालायला हरकत नसावी. या दोघांच्या वादात मला सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते. त्या बेकरीवाल्यांना स्वस्त आणि भरवशाची तपासणी हाताशी असती, तरी त्यांनी हेच केलं असतं, असा माझा अंदाज आहे. तीळ आहेत की नाहीत हे त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नव्हता. ते नाहीत असं लिहून सही करायची त्यांची तयारी नव्हती.)

साशंक : इथे मी तुमच्याकडे थोडा सरकतो. कायद्याला मोजमापाचा आधार नसला की तो असा वाकतो. पण मोजमाप कुठे करायचं? सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मोहरी असलेले पदार्थच टाळायला सांगितलं, कारण भारतातून गेलेल्या मोहरीच्या मालात शेंगदाणा निघाला होता. सॉसेज, सँडविच, सॅलडची ड्रेसिंगं, कुठे कुठे ती मोहरी पोचली! प्रत्येक गिऱ्हाइकानं प्रत्येक सँडविच तपासायचं, की जहाजात चढण्याआधी पोतं तपासायचं? तुमचं यंत्र मला मान्य आहे, फक्त ते चुकीच्या खिशात आहे. जेवणाऱ्याच्या खिशातून काढा आणि गिरणीवाल्याच्या, मसाला कुटणाऱ्याच्या, आचाऱ्याच्या हातात द्या.

उत्साही : आणि त्यानं ते वापरलं नाही तर? गिरणीचंच बघा. आपल्याकडे कित्येक पिठाच्या गिरण्यांत उपवासाचं दळण वेगळ्या जात्यावर दळतात. वरीचं, राजगिऱ्याचं पीठ गव्हाच्या जात्यावर टाकलं, तर गिऱ्हाईक भांडतं. पण सीलिअ‍ॅकच्या मुलाची ज्वारी गव्हानंतर त्याच जात्यावर पडते आणि पहिल्या मूठभर पिठात गहू उतरतो, त्याचं कुणाला काही नाही.

साशंक : हे उदाहरण दिलंत ते बरं झालं. उपवासाचं जातं वेगळं ठेवायला कुणाला सेन्सर लागला? पीपीएमची रेषा कुणी आखली? गल्लीतल्या सगळ्या बायकांचा आग्रह होता, म्हणून ते वेगळं राहिलं. व्यवस्था चालते ती आग्रहावर.

उत्साही : चालते, कारण ती खरोखर चालते का हे कुणी कधी तपासलेलंच नाही! उपवासाच्या पिठात चिमूटभर गहू उतरला, तर कुणी दवाखान्यात जात नाही. देव माफ करतो. सीलिअ‍ॅकचं आतडं माफ करत नाही. आग्रहानं जातं वेगळं राहील, पण ते पुरेसं वेगळं आहे का, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि मोजायचं साधन फक्त गिरणीवाल्याच्या हातात असेल, तर निकाल मला कोण सांगणार? जेवणाऱ्याच्या हातातलं यंत्र अपुरं असेल, पण त्याच्यामुळे पलीकडच्याला कळतं की कुणीतरी तपासू शकतं.

साशंक : म्हणजे तुमच्या दृष्टीनं ते आता ढाल नाही, दबाव आहे.

उत्साही : दोन्ही. पण हो, 'नाही' या उत्तरावर विसंबून मी मुलाला मिसळ देणार नाही, एवढं तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलंत. 'आहे' या उत्तरावर मात्र मी भांडेन.

साशंक : मग यंत्राच्या पडद्यावर काय लिहायचं ते ठरवा. बाजारात आलेल्या एका ग्लूटेनमापकावर ग्लूटेन सापडलं नाही की हसरा चेहरा उमटायचा. ते मोजमाप नव्हे, ते आश्वासन झालं. माझ्या हातात असतं, तर मी 'नाही' हा शब्दच काढून टाकला असता. एक तर 'सापडलं', नाहीतर 'तपासलेल्या तुकड्यात इतक्या पीपीएमच्या वर सापडलं नाही. ताट तपासलेलं नाही'. आणि प्रत्येक 'सापडलं' खानावळीच्या परवान्याच्या क्रमांकासह कुठेतरी नोंदवलं जाईल अशी सोय केली असती.

उत्साही : नोंद झाली, की महलबाचा प्रश्न परत दारात. खोट्या 'सापडलं'नं एखाद्याची खानावळ बंद पडली, तर भरपाई कोण देणार? तुमचं टेडिंग्टन आपल्याकडे कुठे आहे?

साशंक : पण ते उभं राहण्याआधी तुम्ही यंत्र विकायला काढणार?

उत्साही : विकायला काढल्याशिवाय ते उभं राहील असं तुम्हाला वाटतं? आणि समजा, तुमच्या पद्धतीनं बनवलं : हसरा चेहरा नाही, 'नाही' नाही, नुसती अट घातलेली शांतता. हजारो रुपये देऊन ते विकत कोण घेईल? ज्या आईला आज रात्री मुलाला वाढदिवसाच्या पार्टीला न्यायचं आहे, तिला हवा असतो तो नेमका तुम्ही काढून टाकलेला शब्द.

साशंक : म्हणूनच तो काढायचा की ठेवायचा, हे यंत्र विकणाऱ्यानं ठरवू नये, इतकंच मी म्हणतो.

उत्साही : मग कुणी? शंभरांतला एक की पाच, हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी?